पावसाआधी उकिरडे हलवू या : खानापूर आणि बेळगाव तालुक्यांतील ग्रामपंचायती, दूध संस्था व सेंद्रिय शेतकरी गटांना खुले पत्र

ग्रामपंचायतींचे मा. अध्यक्ष व सदस्य, दूध उत्पादक संस्थांचे मा. चेअरमन व संचालक, आणि सेंद्रिय शेती करणाऱ्या माझ्या शेतकरी बंधुभगिनींनो,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र शेणाविषयी आहे. दिवाळीच्या पाडव्याला आपण अंगणात शेणाचे पांडव घालतो आणि त्यांची पूजा करतो. उरलेले वर्षभर मात्र तेच शेण ओढ्याच्या काठावर, गटाराच्या तोंडाशी किंवा विहिरीच्या वरच्या अंगाला ढीग करून टाकतो आणि पाऊस सुरू झाला की त्यातले सत्त्व पाण्याबरोबर निघून जाताना पाहतो. इतकी वर्षे मीही ते पाहत आलो आणि त्यात काही चुकते आहे असे मला वाटले नाही. ज्या कारणाने ते वाटू लागले, ते आधी सांगतो.

मलप्रभेला मिळणाऱ्या एका ओढ्याच्या काठी माझी शेती आहे. गोठ्यात दोन म्हशी आणि तीन संकरित गाई आहेत. शेतात भात, थोडा ऊस आणि परसात भाजीपाला असतो. रासायनिक खत बंद करून बारा वर्षे झाली. चार वर्षांपूर्वी सून बाळंतपणाहून घरी परत यायची होती, आणि तान्ह्या बाळासाठी विहिरीचे पाणी वापरायचे की नाही हे ठरवण्यासाठी आम्ही ते तपासून घेतले. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि आमच्या विहिरीचे पाणी त्या मर्यादेच्या वर निघाले. नायट्रेट जास्त असलेले पाणी लहान बाळाच्या पोटात गेले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती कमी होते आणि अंग निळसर पडू शकते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. माझ्या शेतात युरियाचा एक दाणा पडत नव्हता. विहिरीपासून पंचवीस पावलांवर, चढाच्या बाजूला, माझा स्वतःचा उकिरडा होता.

तेव्हापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे आणि तीच आपल्यापुढे मांडायची आहे : खत सेंद्रिय आहे एवढ्याने ते निर्दोष ठरत नाही. पाण्यात उतरलेले नायट्रेट युरियाच्या पोत्यातून आले की म्हशीच्या मुतातून, याने पाण्याला किंवा ते पिणाऱ्याला काही फरक पडत नाही. शेण कुठे ठेवले, कसे झाकले, किती कुजवले आणि कधी टाकले, यावर ते खत होणार की घाण, हे ठरते.

आपल्या आजोबांच्या काळातही उकिरडे होते, मग आताच हा प्रश्न कुठून आला, असे कोणी विचारील. प्रश्न योग्य आहे. त्या काळी गोठ्याची जमीन मातीची असे, जनावरांखाली भाताचे पिंजर किंवा रानातला पातेरा पसरलेला असे, आणि मूत त्यातच जिरत असे. सकाळी बुट्टीत भरून बाहेर जायचे ते शेण, मूत आणि काडीकचऱ्याचे मिश्रण होते. ते कोरडे, भुसभुशीत असे आणि कुजायला जवळजवळ तयारच असे. शिवाय शेणाचा बराच भाग शेण्या थापण्यात जाई. आता घरोघरी गॅस आला, शेण्या कमी झाल्या, बैलांच्या जागी ट्रॅक्टर आला आणि त्याच गोठ्यात जास्त शेण टाकणारी संकरित जनावरे बांधली गेली. गोठ्याला काँक्रीटचा कोबा झाला, आणि दुधाच्या स्वच्छतेसाठी तो रोज पाइपने धुतला जातो. स्वच्छ दुधासाठी हे सगळे योग्यच आहे, परंतु धुतलेले पाणी जाते कुठे, हा विचार कोबा घालताना आपण कोणीच केला नाही. ते गटारात जाते, गटार ओढ्यात जाते आणि ओढा नदीला मिळतो.

या धुण्याच्या पाण्याने नेमके काय वाहून जाते, हे समजून घेतले पाहिजे. जनावराच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या नत्रापैकी (नायट्रोजनपैकी) साधारण निम्मे आणि पालाशाचा (पोटॅशचा) तर मोठा हिस्सा मुतात असतो. स्फुरद (फॉस्फरस) मात्र मुख्यतः शेणात असते. म्हणजे ज्याला आपण खत म्हणून जपतो त्या शेणाइतकेच मोलाचे द्रव्य आपण रोज सकाळ-संध्याकाळ गटारात सोडतो. मुतातला युरिया शेणाशी आणि मातीशी संबंध येताच काही तासांत फुटू लागतो आणि त्याचा अमोनिया होऊन उडून जातो. गोठ्यात शिरताच डोळ्यांना झोंबणारा जो उग्र वास येतो, तो उडून चाललेल्या नत्राचाच वास असतो. पिंजर त्या मुताला धरून ठेवते आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना हवा असलेला कर्बही (कार्बनही) पुरवते, म्हणून आपल्या वाडवडिलांची पद्धत केवळ जनावराला मऊ बसायला मिळावे एवढ्यासाठी नव्हती.

आता हिशेब करू या. पुस्तकी आकड्यांप्रमाणे चांगल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असते, म्हणजे एका टनात पाच किलो. चार टन खतात वीस किलो नत्र झाले, आणि ४५ किलोच्या युरियाच्या एका पोत्यात जवळजवळ तेवढेच असते. उघड्यावर पडलेल्या, उन्हात वाळणाऱ्या आणि पावसात धुपणाऱ्या ढिगातून निम्म्यापर्यंत नत्र निघून जाऊ शकते. ज्या गावात तीनशे दुभती जनावरे आहेत तिथे प्रत्येकी पंधरा किलो शेण धरले तरी दिवसाला साडेचार टन ओले शेण जमते. त्यातले किती शेतात पोहोचते आणि किती ओढ्याला जाते, हा प्रश्न ग्रामसभेत विचारण्याजोगा आहे.

आपल्या पश्चिम पट्ट्याची अडचण आणखी वेगळी आहे. सहज मिळणारी माहिती बहुतेक कोरड्या भागासाठी लिहिलेली असते. तीत खड्डा खणून शेण भरायला सांगितलेले असते. अथणी-रायबागच्या बाजूला खड्डा योग्यच आहे, कारण तिथे ओल टिकवणे हाच प्रश्न असतो. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला तोच खड्डा जूनअखेर पाण्याने भरतो, हवा बंद होते, शेण कुजण्याऐवजी सडते आणि त्यातून मिथेन बाहेर पडतो. इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात कंपोस्टाची पद्धत बसवताना अल्बर्ट हॉवर्ड यांनी कोरड्या दिवसांत खड्डे आणि पावसाळ्यात जमिनीवरचे ढीग असा भेद केला होता, तो भेद आपण विसरलो. बंगळूरला सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये मांडलेली खड्ड्याची पद्धत कमी श्रमाची आहे, तथापि आपल्या पावसात ती चालवायची तर छप्पर आणि भोवती चर यांची सोय आधी हवी. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांचे जाळीदार विटांचे टाके, ज्याला सारे नाडेप म्हणून ओळखतात, ते जमिनीवर असते, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच असते, आणि शंभर किलोच्या आसपास शेणात भरपूर काडीकचरा व माती वापरून सुमारे तीन ते चार महिन्यांत खत देते. छप्पर घातले तर हे टाके आपल्या हवामानाला चांगले मानवते, असा माझा अनुभव आहे.

मी स्वतः काय केले ते सांगतो. विहिरीजवळचा ढीग काढला आणि उताराच्या खाली, विहीर आणि ओढा या दोन्हींपासून शंभर फुटांहून दूर, मुरूम ठोकून एक फूट उंचीचा कट्टा केला. त्यावर जुन्या पत्र्याचे छप्पर घातले, भोवती चर काढला आणि गोठ्याच्या कोब्याला उतार देऊन मूत एका सिमेंटच्या टाकीत घेतले. धुण्याआधी शेण कोरडेच ओढून काढतो, त्यामुळे पाणी पूर्वीच्या निम्म्यानेही लागत नाही. ढिगात शेणाचा एक थर, पिंजर किंवा उसाच्या पाल्याचा एक थर, आणि त्यावर टाकीतले मूत, असे रचत जातो. शेणात कर्बाच्या मानाने नत्र जास्त असते आणि पाल्यात ते फार कमी असते; पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असे प्रमाण साधले की ढीग तापतो. लोखंडी कांब ढिगात खुपसून दहा मिनिटांनी काढावी. ती हाताला धरवत नसेल तर काम नीट चालले आहे. ढीग ५५ अंशांच्या वर तापून काही दिवस तसाच राहिला आणि वर-खाली करून बाहेरचा भागही आत गेला, की गाजरगवताचे बी आणि रोगजंतू बहुतांशी मरतात. मुठीत दाबल्यावर ओल लागावी, पण पाणी निथळू नये, एवढाच ओलेपणा पुरे.

हुमणीविषयी, म्हणजे पिकाची मुळे खाणाऱ्या अळीविषयी, थोडे अधिक लिहितो, कारण ऊस आणि बटाटा लावणाऱ्या प्रत्येकाचे तिने नुकसान केले आहे. वळिवाच्या पावसानंतर भुंगेरे जमिनीतून बाहेर येतात, संध्याकाळी कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि मग मातीत अंडी घालतात. अर्धकच्चे शेणखत नेमके त्याच दिवसांत शेतात पसरले, तर आपण त्यांच्या अळ्यांना अन्नाची सोय करून देतो, आणि पुष्कळदा अळ्या खताबरोबरच शेतात जातात. दरवर्षी मे महिन्यात ट्रॉल्या भरून कच्चे शेण रानात लोटायचे आणि ऑगस्टमध्ये उसाचे बेट उपटून आले म्हणून हळहळायचे, हे आपण थांबवू शकतो. पूर्ण कुजलेल्या, मातीसारखा वास येणाऱ्या खतात हा धोका फार कमी असतो.

भाताच्या बाबतीतही तेच. वडगाव, शहापूर, येळ्ळूर, धामणे या शिवारांतल्या बासमतीचा सुवास आपल्या भागाचे भूषण आहे. पाणी साचलेल्या खाचरात कच्चे शेण किंवा ओला काडीकचरा गाडला तर हवेवाचून तो सडतो आणि मिथेन तयार होतो. तेच द्रव्य कुजवून घातले तर मिथेन बराच कमी होतो. बळ्ळारी नाल्याच्या काठच्या शेतकऱ्यांना पुराचा आणि शहरी सांडपाण्याचा त्रास आहे, तो त्यांनी निर्माण केलेला नाही, आणि त्याविरुद्धची त्यांची तक्रार पूर्णपणे न्याय्य आहे. मात्र शहराकडे बोट दाखवताना आपल्या गोठ्याचे गटार त्याच नाल्याला जोडलेले नसावे, म्हणजे आपला आवाज अधिक ठाम होईल.

भाजीपाल्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, पण ती महत्त्वाची आहे. बेळगावची भाजी गोव्याला जाते आणि तिथे ती कच्चीही खाल्ली जाते. कोथिंबीर, मुळा, बीट यांना ताज्या शेणाची रबडी देणे थांबवले पाहिजे. पिकाचा खाण्याचा भाग मातीला लागत असेल, तर कच्चे शेण टाकल्यापासून काढणीपर्यंत १२० दिवस जावे लागतात, असा अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत दंडक आहे. नियम त्यांचा असला तरी जंतू सगळीकडे सारखेच.

सेंद्रिय गटांतील सहकाऱ्यांना जीवामृताविषयी एक विनंती आहे. एकराला दहा किलो शेण, तेवढेच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो डाळीचे पीठ आणि दोनशे लिटर पाणी, हे मीही करतो आणि त्यावर माझा विश्वास आहे. परंतु पाच जनावरांच्या गोठ्यात एका दिवसात जेवढे शेण निघते त्याचा एक लहानसा भाग त्यात लागतो. बाकीच्या ढिगाचे काय करायचे हा प्रश्न जीवामृताने सुटत नाही, आणि आपल्या बैठकांत त्याची चर्चा जवळजवळ होत नाही. सहभागी हमी पद्धतीत आपण एकमेकांची शेते तपासतो तेव्हा फवारणीच्या नोंदी पाहतो. यापुढे उकिरडा कुठे आहे, झाकलेला आहे का, त्याचे पाणी कुठे जाते, हेही पाहावे. युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत हेक्टरी वर्षाला जनावरांच्या खतातून १७० किलोपेक्षा जास्त नत्र देता येत नाही. अर्ध्या टक्क्याच्या हिशेबाने ते एकराला सुमारे चौदा टन शेणखत होते. आपण एवढे टाकत नाही असे वाटेल, परंतु गोठ्याला लागून असलेल्या परड्यात आपण सगळ्या ढिगाची भर घालतो आणि डोंगराकडच्या रानाला वर्षानुवर्षे बुट्टीभर खत मिळत नाही. जवळची जमीन खताने माजते आणि लांबची उपाशी राहते.

ग्रामपंचायतींना माझे सांगणे असे आहे की, हा प्रश्न दंड करून सुटणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्या दुग्धशाळा आणि गोशाळांसाठी आहेत. गावातल्या दोन म्हशींच्या गोठ्याकडे पंचायतीवाचून कोण पाहणार? ज्या घराला गावठाणात पाय ठेवायला जागा नाही, ज्याच्याकडे एक म्हैस आहे पण शेत नाही, त्याला उकिरडा हलव म्हणणे सोपे आहे आणि निष्ठुरही आहे. शेण काढण्याचे आणि वाहण्याचे काम बहुतेक घरांत बायका करतात. ढीग शंभर फूट लांब नेला तर डोक्यावरून नेण्याच्या दिवसाच्या दहा-बारा बुट्ट्यांची प्रत्येक खेप तेवढीच लांबणार आहे, हे सभेत बसलेल्या पुरुषांनी लक्षात घ्यावे. म्हणून माझे म्हणणे आहे की, प्रत्येक गावात ओढ्या-विहिरींपासून दूर, उंचवट्याची एक सामाईक जागा निवडावी, तिथे छपराखाली कट्टे बांधून ज्यांना जागा नाही त्यांना ते द्यावेत, आणि गल्लीला एक तरी ढकलगाडी द्यावी. रोजगार हमीतून आजवर गोठे आणि कंपोस्टची टाकी बांधता आली आहेत. पंचायत विकास अधिकाऱ्यांनी (पीडीओंनी) त्या कामांच्या यादीत छप्पर, उतार आणि मूत्रटाकी यांचा आग्रह धरावा, कारण नुसते विटांचे टाके बांधून छायाचित्र काढले की काम संपले, असे पुष्कळ ठिकाणी झालेले दिसते.

दूध संस्थांच्या हाती तर याहून अधिक आहे. कोणाकडे किती दूध निघते आणि साधारण किती जनावरे आहेत, हे संस्थेइतके कोणालाच ठाऊक नसते. सभासद दिवसातून दोनदा दारात येतो. वर्षअखेरीच्या बोनसातला थोडा भाग झाकलेला उकिरडा आणि गटाराला न जोडलेला गोठा यांच्यासाठी राखून ठेवता येईल. चार-पाच जनावरे असलेल्या सभासदाला दोन घनमीटरचा गोबरगॅस बसवायला संस्थेने पुढाकार घेतला, तर रोजचे सुमारे पन्नास किलो शेण त्यात जाते, घराचा स्वयंपाक होतो आणि उघड्या ढिगातून हवेत जाणारा मिथेन चुलीत जळतो. मात्र गोबरगॅसची स्लरी तशीच ओढ्याला सोडली तर सगळे केले-सवरले व्यर्थ जाईल. ती पिंजरावर घेऊन सावलीत कुजवावी लागते. जंताच्या औषधांबाबतही सभासदांना सांगावे. आयव्हरमेक्टिनसारखे औषध दिलेल्या जनावराच्या शेणात ते काही दिवस उतरते, आणि ते शेण कोरून मातीत नेणाऱ्या शेणकिड्यांना मारते. औषध देऊच नये असे मी म्हणत नाही; गरजेपुरते आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे.

कर्नाटक सरकारने २००४ मध्येच सेंद्रिय शेतीचे धोरण जाहीर केले, आणि असे धोरण आणणारे ते देशातले पहिले राज्य ठरले. त्या धोरणातली माहिती आपल्या गावांतल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांपर्यंत आणि गोठ्यात राबणाऱ्या बायकांपर्यंत त्यांना वाचता येईल अशा भाषेत पोहोचावी, म्हणून शेती खात्याच्या रयत संपर्क केंद्रांनी खत व्यवस्थापनाची पत्रके कन्नडबरोबर मराठीतही काढावीत, अशी मागणी पंचायतींनी ठराव करून पाठवावी. आपली मलप्रभा कणकुंबीला उगम पावून हब्बनहट्टीच्या मारुतीच्या पायऱ्यांशी येते आणि खानापुरावरून सौंदत्तीकडे जाते. यल्लम्माच्या जत्रेला आपण जिथे जातो, तिथल्या नविलुतीर्थ धरणात आपल्या तालुक्याचे पाणी साठते आणि हुबळी-धारवाडच्या घरांत प्यायले जाते. तिथल्या लोकांना आपण काय पाठवतो आहोत, याचे उत्तरदायित्व वरच्या अंगाला राहणाऱ्यांवर आहे.

रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी प्रत्येक वॉर्डसभेत हा एकच विषय घ्यावा, ओढ्याला आणि विहिरीला लागून असलेल्या उकिरड्यांची यादी करावी आणि गावच्या पिण्याच्या विहिरींचे पाणी पावसाच्या आधी एकदा व नंतर एकदा तपासून अहवाल पंचायतीच्या फलकावर लावावेत. हलवायचा ढीग मोठा असेल तर दोन-चार घरांनी मिळून ट्रॉली करावी. आमच्या वाडीत गेल्या मे महिन्यात आम्ही तसे केले आणि तीन दिवसांत अकरा उकिरडे हलले. आणखी चार अजून ओढ्याच्या काठावरच आहेत, त्यांच्या मालकांना जागा नाही, आणि त्या चार कुटुंबांसाठी आमच्या पंचायतीकडे मी स्वतंत्र अर्ज करत आहे. ज्यांना छपराचा कट्टा आणि मूत्रटाकी प्रत्यक्ष पाहायची असेल त्यांनी अवश्य यावे; सकाळचे दूध संस्थेला घालून आठ वाजेपर्यंत मी गोठ्यावर परत येतो.

आपला नम्र,
खानापूर तालुक्यातील एक सेंद्रिय शेतकरी